‘थांबा’ कोणाला म्हणावे?

गावाची किंवा वस्तीची आरोग्यपाहणी करणे हे काम आता आपल्या मंडळ्यांना अपरिचित राहिलेले नाही. तरुण संघातली मुले आणि महिला मंडळातल्या बहिणी वह्या घेऊन घरोघर जातात. घरात माणसे किती, पाणी कोठून आणता, लहान मूल कशाने दगावले, दवाखाना किती लांब, औषधाला पैसे कोठून आणता, असे विचारतात. महिन्याभराने एक यादी तयार होते. यादीत पंधरा-वीस गरजा असतात. हाताशी मात्र पैसा थोडा, माणसे त्याहून थोडी, आणि वेळ म्हणाल तर रविवारच्या उपासनेनंतरचा. मग सभा भरते आणि कोणीतरी विचारतो, “यांतले आधी काय घ्यायचे?”

हा प्रश्न दिसायला कारभाराचा आहे. वडीलमंडळाने अर्ध्या तासात ठराव करावा आणि पुढच्या विषयाकडे वळावे, असाच तो वाटतो. परंतु आम्हांला वाटते की, सगळ्या पाहणीत नीतीचा खरा प्रश्न कोणता असेल तर तो हाच. एका गरजेला पहिला क्रमांक दिला, म्हणजे बाकीच्या गरजा ज्यांच्या आहेत त्या माणसांना आपण “थांबा” म्हटले. आणि ही माणसे अनोळखी नाहीत. त्यांचे दार आपणच ठोठावले होते. त्यांनी आपल्याला बसायला चटई टाकली, चहा विचारला आणि आपले दुःख सांगितले. ज्याला आपण “तुम्हांला काय दुखते?” असे विचारतो, त्याच्या मनात आशा उत्पन्न होते. विचारणे हे अर्धे वचन देण्यासारखेच आहे. म्हणून “थांबा” हा शब्द आपण कोणाला म्हणतो, कोणत्या अधिकाराने म्हणतो आणि कसा म्हणतो, याचा विचार ख्रिस्ती माणसाने केला पाहिजे.

आकडे काय सांगतात

क्रम लावण्याच्या रीती तज्ज्ञांनी पुष्कळ बसवल्या आहेत. त्यांतली एक जुनी व बहुमान्य रीत अमेरिकेतील सार्वजनिक आरोग्याचे जाणते प्रशासक जॉन हॅनलन यांच्या नावाने ओळखली जाते. ती समजायला अवघड नाही. प्रत्येक गरजेला तीन बाबतींत दहापैकी गुण द्यायचे. ती किती जणांना आहे, हे पहिले. ती किती गंभीर आहे, हे दुसरे. याचे गुण दुप्पट धरायचे. पहिल्या दोहोंची बेरीज करायची. तिसरी बाब म्हणजे तिच्यावर उपाय किती लागू पडतो. या गुणांनी त्या बेरजेला गुणायचे. त्यानंतर पाच गाळण्या आहेत: हे काम आपण करणे योग्य आहे काय, खर्च परवडेल काय, लोकांना ते मान्य होईल काय, साधने आहेत काय आणि कायदा आड येत नाही ना. यांतल्या एकाही गाळणीत अडकले तर ते काम निदान तूर्त बाजूला पडते.

समजा, गावाच्या कडेला शंभर घरांची एक वस्ती आहे. तेथल्या पाहणीत चार गोष्टी वर आल्या. गटारातून गेलेल्या फुटक्या नळामुळे मुलांना वारंवार जुलाब होतात. कष्ट करणाऱ्या बहुतेक सर्वांचे कंबर व गुडघे दुखतात. दारूने कित्येक घरे नासली आहेत. आणि चार-पाच माणसे पक्षाघाताने किंवा दुर्धर रोगाने अंथरुणाला खिळली आहेत. आता गुण देऊन पाहू. जुलाबाला व्याप्तीचे ६, गांभीर्याचे ७ आणि उपायाचे ८ दिले, तर ६ आणि १४ मिळून २०, गुणिले ८, म्हणजे १६०. कंबरदुखीला ९, ३ आणि ३ दिले तर ४५. दारूला ७ व ८ दिले, पण “यावर कोणाचा उपाय चालला आहे?” असे म्हणून शेवटचे २ दिले, तर ४६. अंथरुणाला खिळलेल्यांची संख्या थोडी म्हणून १, गांभीर्य ९, आणि बरे होण्याची आशा नाही म्हणून उपायाचा १, एकूण १९.

या हिशेबाला नावे ठेवण्याचे कारण नाही. वही नसती तर सभेत ज्याचा आवाज मोठा, त्याचीच गरज मोठी ठरली असती. फुटका नळ पहिला आला हे योग्यच झाले. पुष्कळांचा जीव थोड्या खर्चात वाचत असेल, तर तो आधी वाचवला पाहिजे. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत, पश्चिम बंगालमधील बनगाव येथे, डॉ. दिलीप महालनबीस यांच्यासमोर पटकीचे रोगी जमिनीवर पडलेले होते आणि शिरेतून द्यायचे सलाईन संपत आले होते. त्यांनी मीठ, साखर व सोडा यांचे पाणी करून नातेवाइकांच्या हातून पाजले, आणि जेथे शंभरातले सुमारे तीस दगावत होते तेथे चारांहून कमी दगावू लागले. अशा वेळी क्रम चुकवणे म्हणजे माणसे मारणेच होय.

तरीही वरच्या हिशेबाकडे पुन्हा एकदा पाहावे. त्यात दोन जागा अशा आहेत की, जेथे अंक मोजून आलेला नाही, आपल्या मनातून आला आहे. दारूच्या उपायाला २ कोणी दिले? सभेत बसलेल्यांनी. त्या सभेत नवऱ्याचा मार खाणारी बाई होती काय? आणि अंथरुणावरच्या माणसाच्या उपायाला १ देताना “उपाय” या शब्दाचा अर्थ आपण “रोग बरा करणे” एवढाच घेतला. कूस बदलून देणे, पाठीला झालेली जखम धुणे, वेदना कमी करणे, रात्रंदिवस शुश्रूषा करणाऱ्या सुनेला दोन तास विसावा देणे, हे उपाय नव्हेत काय? गणित खोटे बोलत नाही. परंतु त्याला जे विचारले तेवढेच ते सांगते.

शेवटच्या रांगेतला रोग

हा वाद आपल्या वस्तीपुरता नाही. सप्टेंबर १९७८ मध्ये त्या वेळच्या सोव्हिएत संघातील अल्माआटा येथे जगातील राष्ट्रांची परिषद भरली आणि इ. स. २००० पर्यंत सर्वांना आरोग्य, असे ध्येय तिने जाहीर केले. लोकांनी आपल्या आरोग्यसेवेची आखणी करण्यात भाग घ्यावा, हा लोकांचा हक्क आहे व कर्तव्यही आहे, असे तेथे मानले गेले. पुढच्याच वर्षी ज्युलिया वॉल्श व केनेथ वॉरन या दोन अमेरिकन तज्ज्ञांनी एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: ध्येय थोर आहे, पण पैसा नाही. तोवर निवडक रोगांवरच भर द्यावा. ज्यांनी मृत्यू जास्त होतात व ज्यांवर स्वस्त आणि खात्रीचा उपाय आहे, असे रोग आधी घ्यावेत. त्यांनी रोगांच्या तीन रांगा लावल्या. पहिल्या रांगेत जुलाब, गोवर, हिवताप, डांग्या खोकला असे रोग होते. कुष्ठरोग शेवटच्या रांगेत होता, कारण तो आटोक्यात आणणे त्या वेळी कठीण होते.

या विचारातून लसीकरणाला व क्षारपाण्याला जो जोर मिळाला, त्याने असंख्य मुले वाचली, हे कृतज्ञतेने मान्य केले पाहिजे. परंतु पुढे काय झाले तेही पाहण्यासारखे आहे. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासगटाने कुष्ठरोगासाठी अनेक औषधांची एकत्रित उपचारपद्धती सुचवली, आणि जन्मभराचा मानला गेलेला रोग ठरावीक मुदतीच्या औषधाने बरा होऊ लागला. दोन वर्षांपूर्वी शेवटच्या रांगेत ठेवण्याचे जे कारण होते, ते उरले नाही. शेवटच्या रांगेतल्या रोग्यांना तज्ज्ञांच्या निबंधापुरतेच थांबावे लागले, कारण जगात कोठे ना कोठे काही लोक त्या रोगावर काम करीत राहिले होते. सगळ्यांनीच यादीचा क्रम पाळून त्यांच्याकडे पाठ फिरवली असती, तर ते औषध निघाले नसते. म्हणून कोणताही क्रम हा आजचा क्रम असतो, कायमचा नव्हे, ही गोष्ट यादीच्या माथ्यावर लिहून ठेवावी.

जामखेडने काय केले

क्रम कोणी लावावा, या प्रश्नाचे उत्तर शोधताना मराठी ख्रिस्ती माणसाला फार दूर जावे लागत नाही. डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य वेल्लोरला वैद्यकीय शिक्षण घेऊन अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यातील वडाळा येथील मिशन इस्पितळात काम करीत होते. इस्पितळात येणाऱ्यांपैकी पुष्कळांचे आजार टाळता येण्यासारखे असतात, आणि बरा होऊन गेलेला रोगी तोच आजार घेऊन परत येतो, हे त्यांनी पाहिले. अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन ते परतले आणि १९७० साली त्याच जिल्ह्यातील जामखेड या दुष्काळी तालुक्यात त्यांनी काम मांडले.

डॉक्टरने यादी केली असती तर तिच्यात पहिल्या जागी लसीकरण, बाळंतपण, क्षयरोग असे काही आले असते. गावकऱ्यांना विचारले तेव्हा त्यांनी पाणी व अन्न मागितले. आरोळे पतिपत्नींनी औषधाची पेटी बाजूला ठेवून आधी पाणी व अन्न या कामांना हात घातला. १९७२ च्या दुष्काळात तर त्याची निकड कोणालाही समजावी लागली नाही. येथे एक गोष्ट मुद्दाम ध्यानात घ्यावी. पाणी हवे, हे गावाने ठरवले. परंतु कूपनलिका गावात कोठे खणावी, हे ठरवताना ती दलित वस्तीत यावी असा आग्रह आरोळ्यांनी धरला. पाणी हवे तर वरच्या जातीच्या बायकांना त्या वस्तीत घागर घेऊन जाणे भाग पडले. गाव म्हणते म्हणून त्यांनी ऐकले. पण गाव म्हणजे केवळ चावडीवर बोलणारी माणसे, असे त्यांनी मानले नाही.

पुढे प्रत्येक गावाने आपल्यातलीच एक बाई आरोग्यसेविका म्हणून निवडली. त्यांतल्या कित्येक निरक्षर होत्या, कित्येक दलित होत्या. त्यांनीच घरोघर जाऊन बाळंतपणे, बालकांचे वजन, क्षय व कुष्ठरोग यांचे काम केले. म्हणजे डॉक्टरांच्या यादीतली कामे मागे पडली नाहीत; विश्वास बसल्यावर ती लोकांच्या हातून झाली. १९७१ च्या सुमारास त्या गावांत जन्मलेल्या हजार बालकांपैकी १७६ बालके वर्षाच्या आत दगावत. १९९० नंतरच्या दशकात हा आकडा तिसांच्या आत आला होता. जामखेडचा वृत्तांत जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ साली आपल्या ग्रंथात छापला, आणि १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आपल्या मंडळ्यांतून वाढलेल्या माणसांचे हे काम आहे, याचा अभिमान बाळगण्यापेक्षा त्याची रीत शिकणे अधिक बरे.

न बोललेले दुःख

मग लोक म्हणतील तोच क्रम, असा नियम करावा काय? तसे केले तर आणखी एक अडचण येते. काही दुःखे अशी असतात की, ती कोणी बोलूनच दाखवत नाही.

गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली काम सुरू केले. राणीताईंनी दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. त्यांतल्या ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगांपैकी कोणता ना कोणता आजार होता. त्याआधी अशी तपासणी कधीतरी झाली होती, अशा स्त्रिया अवघ्या ८ टक्क्यांच्या आसपास. १९८९ साली हा निबंध लंडनच्या ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात आला. तोवर खेड्यातल्या बाईचे आरोग्य म्हणजे बाळंतपण व कुटुंबनियोजन, एवढेच सगळे धरून चालले होते. अंगावरून जाते, ओटीपोटात दुखते, ही गोष्ट बाई नवऱ्याला सांगत नव्हती. मग वही घेऊन आलेल्या अनोळखी तरुणाला ती काय सांगणार? गावसभेत हात वर करून मत मोजले असते तर या आजाराला एकही मत पडले नसते, आणि तो तर जवळजवळ प्रत्येक घरात होता.

त्याच जिल्ह्यात याच्या उलटही घडले. दारू हा आरोग्याचा प्रश्न आहे, असे अनेक तज्ज्ञांच्या याद्यांत त्या काळी ठळकपणे नव्हते. गावोगावच्या बायकांनी तो पुढे आणला, चळवळ उभी राहिली आणि १९९३ साली त्या जिल्ह्यात दारूबंदी लागू झाली. बंदीने दारू समूळ गेली असे कोणी म्हणणार नाही. परंतु ज्याला सभेने दहापैकी दोन गुण दिले असते, त्या कामाला हजारो बायका उपाय म्हणून स्वतः उभ्या राहिल्या. लोकांची इच्छा हाही उपायाचा एक भाग असतो. कागदावर त्याचे गुण आधी मांडता येत नाहीत.

तेव्हा आकड्यांनी जे सुटते ते विचारल्याने कळते, आणि विचारूनही जे कळत नाही ते विश्वास मिळवून, वेळ देऊन आणि योग्य माणसाने विचारूनच कळते. तिन्ही गोष्टी लागतात. यांपैकी एकीच्या जोरावर जो क्रम लागतो तो कोणाला तरी नकळत वगळतो.

वगळलेल्या विधवा

आरंभीच्या मंडळीत हाच प्रश्न उद्भवला होता. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात त्याची हकिगत आहे. यरुशलेमेत रोजची वाटणी होत असे. ग्रीक भाषा बोलणाऱ्यांची तक्रार आली की, वाटणीत आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होते. दुर्लक्ष कोणी जाणूनबुजून केले, असे तेथे लिहिलेले नाही. बहुधा वाटणारे इब्री होते, त्यांच्या ओळखीच्या विधवा त्यांना दिसत, आणि दुसरी भाषा बोलणाऱ्या म्हाताऱ्या नजरेआड राहत. वगळण्याची नेहमीची रीत हीच आहे. त्याला दुष्टपणा लागत नाही, ओळख नसणे पुरते.

प्रेषितांनी काय केले ते पाहावे. त्यांनी तक्रार करणाऱ्यांना गप्प केले नाही. बारा जणांनी खोलीत बसून नवी यादीही केली नाही. त्यांनी सर्वांना बोलावले, आपल्याला काय जमणार नाही ते उघड सांगितले आणि माणसे निवडण्याचे काम लोकांवर सोपवले. स्तेफन, फिलिप्प आणि इतर पाच जण निवडले गेले. सातही नावे ग्रीक आहेत. ज्यांच्या विधवा वगळल्या गेल्या होत्या, त्यांच्याच बाजूच्या माणसांच्या हाती सगळ्यांची वाटणी गेली असावी, असे या नावांवरून दिसते. “आम्ही तुमचाही विचार करू” एवढे म्हणून भागले असते. त्याऐवजी वाटपाचे भांडेच त्यांच्या हाती दिले गेले.

मार्काच्या शुभवर्तमानातील पाचव्या अध्यायातली गोष्ट रविवारच्या शाळेतील प्रत्येक मुलाला ठाऊक आहे. सभास्थानाचा अधिकारी याईर याची बारा वर्षांची मुलगी मरणाला टेकली होती. प्रभू तिच्याकडे निघाला असता, बारा वर्षे रक्तस्रावाने पीडलेली आणि वैद्यांपायी सर्वस्व घालवून बसलेली एक बाई गर्दीत मागून आली. प्रभू तेथे थांबला, त्याने तिला पुढे बोलावले आणि तिची सगळी हकिगत ऐकून घेतली. तेवढ्या वेळात मुलगी गेल्याचा निरोप आला. कोणत्याही इस्पितळाच्या नियमाप्रमाणे मुलगी आधी, बाई नंतर. या गोष्टीवरून तो नियम मोडावा असे आम्ही म्हणत नाही. त्याला दोघींनाही वाचवण्याचे सामर्थ्य होते, आपल्याला नाही. परंतु एक गोष्ट आपल्याला घेता येते. त्या दिवशी ज्याला थांबावे लागले तो गावातला वजनदार माणूस होता आणि जिच्यासाठी गर्दी थांबली तिचे नावही लिहिलेले नाही. आपल्या सभांतून बहुधा याच्या उलट घडते. आणि थांबलेल्या याईराला प्रभूने तसेच उभे ठेवले नाही. निरोप कानी पडताच तो त्याच्याशी बोलला, त्याला धीर दिला.

थांबवणाऱ्याची तीन कर्तव्ये

यावरून आम्हांला जे वाटते ते मांडतो. सर्वांचे सर्व काही आपल्याच्याने होणार नाही. म्हणून “थांबा” म्हणावेच लागेल. ते म्हणण्यात पाप नाही. परंतु जो थांबवतो त्याच्यावर तीन कर्तव्ये येतात.

पहिले कर्तव्य असे की, “थांबा” हे तोंडावर सांगावे. पुष्कळ पाहण्यांचे निकाल ज्यांची पाहणी झाली त्यांना कधी कळतच नाहीत. वह्या शहरात जातात, अहवाल छापला जातो, आणि वस्तीतली माणसे वाट पाहत राहतात. क्रम ठरवण्याआधी सगळी यादी वस्तीत वाचून दाखवावी. ठरवतानाही वस्तीतल्यांना घ्यावे. त्यासाठी लिहिता-वाचता येण्याची गरज नाही. जमिनीवर खडूने चौकोन आखावे, प्रत्येकात एकेका गरजेचे चित्र किंवा खूण ठेवावी, प्रत्येकाला दहा चिंचोके द्यावे आणि ज्या गरजेला जितके द्यावेसे वाटतील तितके मांडायला सांगावे. बायकांचे वेगळे, पुरुषांचे वेगळे. दोन्हींत फरक पडला तर त्याच फरकावर बोलावे. शेवटी जे मागे राहिले, त्यांच्या घरी जाऊन कारण सांगावे. कारण ऐकल्यावर माणूस रागावेल. पण त्याला फसवले गेल्यासारखे वाटणार नाही.

दुसरे कर्तव्य असे की, एकाच माणसाला वारंवार थांबवू नये. क्रम लावल्यावर त्याची तारीख लिहावी आणि सहा महिन्यांनी किंवा वर्षाने तो पुन्हा मांडावा. त्या वेळी प्रथम हे पाहावे की, मागच्या खेपेला कोण थांबले होते. ज्याने आधी वाट पाहिली त्याच्या पारड्यात ते वाट पाहणेही घालावे. नाहीतर हिशेब कितीही बरोबर असला तरी दर वर्षी तीच माणसे शेवटी उभी राहतात, आणि त्याचे नाव न्याय नव्हे.

तिसऱ्या कर्तव्याचा दाखला लेवीय पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात आहे. शेत कापताना त्याच्या कडा कापू नयेत, पडलेली कणसे वेचू नयेत. ती गरीब व परदेशी यांच्यासाठी सोडावीत, अशी तेथे आज्ञा आहे. अशाच एका शेतात रूथ सरवा वेचायला गेली. मालकाने पिकाचा मोठा भाग आपल्या हिशेबाने न्यावा. कडेचा भाग हिशेबाबाहेर ठेवावा. आपल्या अंदाजपत्रकालाही अशी एक कड असावी. पैशातला दहावा भाग म्हणा, आठवड्यातले दोन तास म्हणा, जे गणितात कधीच वर येणार नाहीत त्यांच्यासाठी आधीच काढून ठेवावे. वरच्या वस्तीतली अंथरुणाला खिळलेली चार-पाच माणसे त्या कडेची धनी आहेत. हे काम अशक्य नाही. केरळात कालिकत येथे १९९३ साली वेदनाशामक शुश्रूषेचे काम सुरू झाले. पुढे गावोगावच्या सामान्य माणसांनी शिकून घेऊन आठवड्यातले काही तास घरोघरच्या रोग्यांना दिले, आणि २००८ साली त्या राज्याने त्याविषयीचे धोरणच स्वीकारले. तेथे बरे न होणाऱ्यालाही दार आहे.

दोन आक्षेप

कोणी म्हणेल, आपण आधी आपल्या विश्वासी बांधवांचे पाहावे. गलतीकरांस पत्रात पौलाने विश्वासाच्या घराण्याचा विशेष उल्लेख केला आहे, हे खरे. पण त्याच वाक्यात तो आधी सर्वांचे बरे करण्यास सांगतो. शिवाय आपण पाहणी केली ती सगळ्या वस्तीची. मंडळीच्या सभासदांपुरते काम करायचे असेल तर तेवढ्याच घरी जावे व तसे सांगावे. शंभर दारे ठोठावून मग वीस दारांसाठी काम करणे हा त्या ऐंशी घरांच्या विश्वासाचा भंग आहे.

दुसरा कोणी म्हणेल, आपल्याला जे येते तेच करावे. मंडळीत डोळ्यांचे डॉक्टर आहेत, तर नेत्रशिबिर घ्यावे. त्यात वाईट काही नाही. मात्र ते करताना “वस्तीची ही पहिली गरज होती” असे म्हणू नये; “आमच्याकडे हे होते म्हणून आम्ही हे दिले” असे प्रामाणिकपणे म्हणावे. शिबिराला फलक लागतो, छायाचित्र निघते, देणगीदाराचे नाव येते. फुटक्या नळाच्या दुरुस्तीसाठी ग्रामपंचायतीत दहा हेलपाटे घालण्याचे छायाचित्र निघत नाही. आपला क्रम वस्तीच्या दुःखाने लागला की आपल्या सोयीने, हे ओळखण्याची एक सोपी खूण आहे: पहिल्या क्रमांकाच्या कामात आपल्याला थोडी तरी अडचण सोसावी लागते काय?

रविवारच्या शाळेतील शिक्षकांना हा विषय मुलांपुढे सहज मांडता येईल. यादी व गुण यांचे वर दिलेले उदाहरण फळ्यावर लिहावे, मुलांना स्वतः गुण देऊ द्यावेत आणि मग विचारावे, “या यादीत कोणाचे नाव आलेलेच नाही?” मुले शोधून काढतील. गावाबाहेर पाल ठोकून राहणारे कुटुंब, ऊसतोडीला गेलेले आईबाप, घराला कुलूप म्हणून वहीतून सुटलेली झोपडी, आतल्या खोलीत कोंडून ठेवलेला वेडसर भाऊ, अशी नावे त्यांच्या तोंडून निघतील. पाहणीच्या दिवशी जे घरी नव्हते त्यांना तर “थांबा” असेही कोणी म्हटलेले नसते.

पुढच्या वेळी आपल्या मंडळीत यादी होईल आणि सभा भरेल, तेव्हा पहिला क्रमांक कोणाचा हे ठरवून झाल्यावर उठू नये. शेवटच्या क्रमांकाच्या घरी कोण जाणार, केव्हा जाणार आणि काय सांगणार, हेही त्याच ठरावात लिहावे, आणि जाणाऱ्यांची नावे त्याखाली घालावीत.